तुरुंगातून थेट रणांगणावर? रोकोसोव्स्कीच्या गोष्टीतून गाळलेले पंधरा महिने

एकच मजकूर मला वर्षभरात तीन ठिकाणांहून आला. एकदा शाळेच्या जुन्या वर्गमित्रांच्या ग्रुपवर, एकदा सोसायटीच्या, आणि तिसऱ्यांदा पुतण्याने पाठवला, त्याच्या ऑफिसात दर सोमवारी ‘प्रेरणा’ म्हणून काहीतरी फिरतं त्यातला. मजकूर थोडक्यात असा:

कॉन्स्टन्टिन रोकोसोव्स्की हा सोव्हिएत सेनानी खोट्या आरोपाखाली सायबेरियाच्या छावणीत मृत्यूची वाट पाहत होता. २२ जून १९४१ला हिटलरने हल्ला केला, स्टालिनला आपली चूक उमगली, त्याने विमान पाठवून त्याला रातोरात सोडवून आणलं आणि कैद्यांचीच एक फौज त्याच्या हाती दिली. या माणसाने झाल्या अन्यायाबद्दल ब्र काढला नाही. तो एकही लढाई हरला नाही. स्टालिनला तोंडावर तीनदा ‘नाही’ म्हणणारा तो एकटाच. आणि शेवटी ठळक अक्षरांत बोध: साहेबाने कितीही अन्याय केला तरी तक्रार करू नका, तुमचं काम बोलू द्या.

माणूस खरा आहे. तुरुंगही खरा, मारहाणही खरी, पराक्रम तर निर्विवाद. पण या खऱ्या वस्तू ज्या दोऱ्यात ओवल्या आहेत तो दोरा खोटा आहे, आणि तो कुणाच्या सोयीचा आहे हे बोधवाक्यावरून कळतंच. तेव्हा एकेक मुद्दा घेऊ.

‘हल्ला झाला आणि स्टालिनने त्याला सोडवलं.’

रोकोसोव्स्कीला अटक झाली ऑगस्ट १९३७मध्ये. तेव्हा तो प्स्कोव्हला ५व्या घोडदळ कोअरचा (काही डिव्हिजन मिळून होणाऱ्या दलाचा) प्रमुख होता. आरोप काय, तर पोलिश आणि जपानी हेरखात्यांशी संधान. वडील पोलिश म्हणून पोलंड, आणि बैकालपलीकडे नोकरी केलेली म्हणून जपान. हिशोब इतका सरळ. त्याला लेनिनग्राडच्या तुरुंगात ठेवलं, मारलं, दात पाडले. त्याने कबुलीजबाबावर सही केली नाही. सुटका झाली २२ मार्च १९४०ला.

ही तारीख लक्षात ठेवा. तिथून २२ जून १९४१ म्हणजे बरोबर पंधरा महिने. हे पंधरा महिने मजकुराने गिळून टाकले आहेत, आणि ते गिळल्याशिवाय गोष्ट उभीच राहत नाही. कारण मार्च १९४०मध्ये हिटलर आणि स्टालिन यांच्यात अनाक्रमण करार होता, दोघांनी पोलंड वाटून घेतलं होतं, जर्मन हल्ल्याचा पत्ता नव्हता. मग सुटका का झाली? एक तर गुप्तपोलिसांचा प्रमुख येझोव्ह याची सद्दी १९३८च्या अखेरीस संपली होती आणि बेरियाच्या हाती गुप्तपोलीस खातं आल्यावर काही जुनी प्रकरणं पुन्हा उघडली जात होती. दुसरं, फिनलंडच्या युद्धात लाल सेनेचं हसं झालं होतं. ते युद्ध १३ मार्चला संपलं. एवढ्याशा फिनलंडने साडेतीन महिने झुंजवल्यावर सेनेला अधिकाऱ्यांची वानवा जाणवू लागली होती. त्या काळात असे हजारो अधिकारी परत सेवेत घेतले गेले. रोकोसोव्स्की त्यातला एक. त्याच्यासाठी शब्द टाकणाऱ्यांत त्याचा जुना वरिष्ठ तिमोशेंको होता असं सांगतात. मे महिन्यात तोच संरक्षणमंत्री झाला. विमान नाही, स्टालिनचा पश्चात्ताप नाही. फाईल बंद झाली, हुद्दा परत मिळाला, जूनमध्ये मेजर जनरल ही नवी पदवीही.

मग या पंधरा महिन्यांत रोकोसोव्स्की काय करत होता? आधी घरच्यांबरोबर सोचीला हवापालट. मग पुन्हा आपली घोडदळ कोअर, रुमेनियाकडून बेसारेबिया घेण्याची मोहीम, आणि वर्षअखेरीस कीव्ह लष्करी विभागात ९वी यांत्रिक कोअर. यांत्रिक म्हणायची ती कागदावर. रणगाडे मंजूर संख्येच्या साधारण एक तृतीयांश, तेही जुने. आणि मोटारींवरून जाणारं पायदळ खरं तर पायीच जाणारं, कारण मोटारीच नव्हत्या.

आता २२ जूनची पहाट, मजकुरानुसार जेव्हा तो सायबेरियात असायला हवा. तो होता सीमेपासून बऱ्याच आत, नोवोग्राद-व्होलिन्स्कीला. चारच्या सुमारास ड्यूटीवरच्या अधिकाऱ्याने ५व्या आर्मीच्या मुख्यालयाचा टेलिफोन संदेश आणून दिला: गुप्त लखोटा उघडा. पण हा लखोटा उघडायचा अधिकार फक्त सरकारच्या प्रमुखाच्या किंवा संरक्षणमंत्र्याच्या हुकमाने मिळत असे, आणि संदेशाखाली सही कुणाची, तर आर्मी मुख्यालयातल्या एका दुय्यम अधिकाऱ्याची. रोकोसोव्स्कीने आधी खात्री करून घ्यायला सांगितलं. अर्ध्या तासाने उत्तर आलं की मॉस्को लागत नाही, कीव्ह लागत नाही, लुत्स्कही लागत नाही. तेव्हा त्याने जबाबदारी स्वतःवर घेऊन लखोटा फोडला.

क्षणभर त्याच्या जागी उभे राहा. अडीच वर्षं हेर म्हणून आत काढलेला माणूस, समोर सीलबंद लखोटा, तारा तुटलेल्या. चुकला असता तर दुसऱ्यांदा सुटका नव्हती.

त्यानंतरचा दिवस गेला गोदामं उघडण्यात. दारूगोळा होता, पण कोठीवाले वरून हुकूम आल्याशिवाय द्यायला तयार नाहीत. शेपेतोव्काला विभागाच्या राखीव मोटारी उभ्या होत्या, त्याही त्याने उचलल्या आणि आपलं पायदळ त्यात बसवलं. प्रत्येक गोष्टीची पावती लिहून दिली. त्या दिवसाइतक्या पावत्या आपण आयुष्यात कधी लिहिल्या नसतील, असं त्याने नंतर आठवणींत म्हटलं आहे. मला हा प्रसंग विमानाच्या गोष्टीपेक्षा कितीतरी भारी वाटतो, पण पावत्या लिहिणारा सेनापती सोमवारच्या प्रेरणेत कोण छापणार?

‘संकट आलं तसं स्टालिनला गुणी माणसांची किंमत कळली.’

हे वाक्य मजकुरात स्पष्ट लिहिलेलं नाही, पण सगळी गोष्ट त्याच्यावरच उभी आहे. म्हणून याला जरा जास्त जागा देतो.

युद्ध सुरू झाल्यावर तुरुंगातून सुटून फौजेचं नेतृत्व केलेला मोठा सेनानी हवाच असेल तर तो मेरेत्स्कोव्ह. जानेवारी १९४१पर्यंत हा सेनेचा सरसेनाध्यक्ष होता. सप्टेंबरमध्ये सुटला, पुढे तिख्विनला जर्मनांना मागे रेटलं, मार्शल झाला. पण त्याला अटक कधी झाली? युद्ध सुरू झाल्यानंतर, पहिल्या दोन दिवसांतच. म्हणजे हिटलरचे रणगाडे आत घुसत असताना स्टालिनचं गुप्तपोलीस खातं आपल्याच सेनेच्या माजी प्रमुखाला मारझोड करत होतं. मजकूर लिहिणाऱ्याने बहुधा दोन-तीन माणसांच्या कहाण्या एकत्र मळल्या आहेत. सायबेरियापलीकडच्या कोलिमातली छावणी गोर्बातोव्ह या दुसऱ्या सेनानीच्या कहाणीतली असावी. तोही सुटला मार्च १९४१मध्ये, म्हणजे हल्ल्याच्या आधीच.

आणि जे सुटले नाहीत त्यांचं काय? २७ ऑक्टोबर १९४१ला जर्मनांनी व्होलोकोलाम्स्क घेतलं. ते राखत होती रोकोसोव्स्कीचीच १६वी आर्मी. मॉस्को तिथून शे-सव्वाशे किलोमीटरवर. एकेक अनुभवी अधिकारी सोन्याच्या मोलाचा होता. दुसऱ्या दिवशी, २८ ऑक्टोबरला, कुइबिशेव्हजवळ काही कैद्यांना गोळ्या घालण्यात आल्या. खटला नाही, निकाल नाही. बेरियाचा लेखी हुकूम तेवढा. त्यांत कोण होते? खाल्खिन गोलच्या (मंगोलियाच्या सीमेवर १९३९मध्ये जपान्यांशी झालेल्या) लढाईच्या वेळी पूर्वेकडच्या फौजांचा मुख्य असलेला श्तेर्न. दोनदा ‘सोव्हिएत संघाचा वीर’ ठरलेला वैमानिक स्मुश्केविच, ज्याला युद्धाच्या थोडं आधी रुग्णालयातल्या खाटेवरून उचललं होतं. हवाई दलाचा माजी प्रमुख रिचागोव्ह, वय अवघं तीस.

रोकोसोव्स्की आणि श्तेर्न यांत फरक गुणांचा नव्हता, सहनशीलतेचा तर मुळीच नव्हता. एकाची फाईल १९४०च्या मार्चमध्ये वर आली, दुसऱ्याची १९४१च्या जूनमध्ये. ‘काम बोलू द्या’ म्हणणाऱ्यांनी स्मुश्केविचच्या कामाने काय बोलायचं राहिलं होतं ते सांगावं.

तुरुंगाने रोकोसोव्स्कीला घडवलं, हा याच मुद्द्याचा जोडभाऊ. १९३०मध्ये ७व्या समारा घोडदळ डिव्हिजनचा प्रमुख रोकोसोव्स्की होता आणि त्याच्या हाताखाली एका ब्रिगेडचा प्रमुख होता झुकोव्ह. १९३७ ते १९४० रोकोसोव्स्की आत होता, त्या काळात झुकोव्हने खाल्खिन गोल जिंकलं. १९४१च्या जूनमध्ये झुकोव्ह सरसेनाध्यक्ष होता आणि रोकोसोव्स्की अर्ध्यामुर्ध्या कोअरचा प्रमुख. तुरुंगाने त्याची अडीच वर्षं आणि दात घेतले. बदल्यात काही दिलं असेल तर माझ्या मते एकच गोष्ट: कागद जपायची सवय.

त्याचा दाखला ऑक्टोबर १९४१चा. पाच तारखेच्या संध्याकाळी पश्चिम आघाडीकडून (अनेक आर्मी जिच्या हाताखाली असत त्या वरच्या मुख्यालयाकडून) तार आली, की आपलं सैन्य शेजारच्या २०व्या आर्मीकडे सोपवा आणि फक्त मुख्यालय घेऊन व्याझ्माला जा, तिथे तुम्हाला नवीन डिव्हिजन मिळतील. ऐन लढाईत सेनापतीने सैन्य सोडून जायचं? रोकोसोव्स्कीने हाच हुकूम आघाडीच्या प्रमुखाच्या सहीनिशी, कागदावर मागितला. रात्री वैमानिकाने तो आणून दिला, कोनेव्ह आणि बुल्गानिनच्या सह्यांचा. मग तो निघाला. व्याझ्मात पोचला तर डिव्हिजनचा पत्ता नाही. पक्षाची स्थानिक मंडळी चर्चच्या तळघरात बसलेली, आणि थोड्याच वेळात शहरात जर्मन रणगाडे. मुख्यालयासह तो कसाबसा वेढ्यातून निसटला. आघाडीच्या ठाण्यावर मॉस्कोहून आलेली मंडळी बसली होती. माजी संरक्षणमंत्री व्होरोशिलोव्हने विचारलं, तुम्ही सैन्याशिवाय व्याझ्मात कसे? रोकोसोव्स्कीने तो सहीचा कागद काढून दाखवला.

अडीच महिन्यांपूर्वी, जुलैत, पश्चिम आघाडीचा आधीचा प्रमुख पाव्हलोव्ह याला सैन्य गमावल्याबद्दल गोळी घातली होती. तो कागद नसता तर पुढची मॉस्को, स्टालिनग्राड, कुर्स्क ही सगळी प्रकरणं दुसऱ्या कुणाच्या नावावर लागली असती.

‘कैद्यांची फौज.’

हे लवकर आटपतं. दंड-कंपन्या आणि दंड-बटालियनी, म्हणजे शिक्षा झालेल्यांच्या तुकड्या, सरसकट उभ्या राहिल्या त्या २८ जुलै १९४२च्या २२७ क्रमांकाच्या हुकमाने. मॉस्कोपुढे १९४१च्या हिवाळ्यात रोकोसोव्स्कीकडे कोण लढत होतं? अल्माअताला उभी केलेली पान्फिलोव्हची ३१६वी डिव्हिजन, कझाक-किरगिझ आणि रशियन शेतकरी-कामगारांची. दोवातोरचे घोडेस्वार. लष्करी शाळेतली कोवळी पोरं. पूर्वेकडून आलेली बेलोबोरोदोव्हची ७८वी. पुढे त्याच्या आघाडीतही दंड-तुकड्या होत्या, पण त्या प्रत्येक आघाडीत होत्या. कझाक शेतकऱ्याचं श्रेय गुन्हेगारांच्या टोळीला देऊन गोष्ट रंगते खरी.

‘एकही लढाई हरला नाही.’

व्होलोकोलाम्स्क वर आलंच. नोव्हेंबरमध्ये क्लिन गेलं, सोल्नेच्नोगोर्स्क गेलं, २७ तारखेला इस्त्रा गेलं. सगळी त्याच्याच आर्मीच्या हद्दीतली. जूनमधला दुब्नोकडचा प्रतिहल्ला फसला होता. स्टालिनग्राडनंतर त्याचं मुख्यालय उचलून मध्यवर्ती आघाडी उभी केली आणि फेब्रुवारी १९४३च्या अखेरीस सेव्स्कच्या दिशेने हल्ला करायला लावलं. फौज एकेरी रेल्वेमार्गाने रडतखडत येत होती, बर्फ आणि मग चिखल, आणि मार्चमध्ये तो हल्ला थंडावला.

पण त्याला मोठा सेनापती का म्हणतात ते कळायला या माघारीच बघाव्या लागतात. नोव्हेंबर १९४१मध्ये त्याचं म्हणणं होतं की इस्त्रा नदी आणि जलाशयाच्या मागे आधीच सरकावं. पाण्याच्या आडोशाने थोड्या माणसांत जास्त काळ टिकता येईल. नाहीतर शत्रू आपलं सैन्य मोडून त्याच्या पाठोपाठच नदी ओलांडेल. झुकोव्ह, आता त्याचा वरिष्ठ, म्हणाला एक पाऊल मागे नाही. रोकोसोव्स्की त्याच्या डोक्यावरून सरसेनाध्यक्ष शापोश्निकोव्हकडे गेला. शापोश्निकोव्हने परवानगी दिली. हुकूम निघतात न निघतात तोच झुकोव्हची तार: आघाडीच्या सैन्याचा प्रमुख मी आहे, माघारीचा हुकूम रद्द. आणि झालं ते रोकोसोव्स्कीने भाकीत केल्यासारखंच. जर्मन इस्त्रापार झाले. मॉस्को मात्र वाचलं, तेव्हा झुकोव्हचा ताठरपणा अगदीच फुकट होता असंही मी म्हणणार नाही. एवढंच, की इथे रोकोसोव्स्की हरला. शत्रूशी आणि वरिष्ठाशीही.

‘स्टालिनला तीनदा नाही म्हणाला.’

या गोष्टीत तथ्य आहे, पण ती ज्याने सांगितली तो स्वतः रोकोसोव्स्की. २२ आणि २३ मे १९४४ला मॉस्कोत बेलारूसच्या मोहिमेची, म्हणजे ‘बाग्रातिओन’ची चर्चा झाली. बोब्रुइस्कवर एकच मुख्य वार करायचा की दोन बाजूंनी दोन? रोकोसोव्स्कीचा आग्रह दोनाचा. त्याच्या आठवणींनुसार स्टालिनने त्याला दोनदा शेजारच्या खोलीत जाऊन विचार करायला सांगितलं, दोन्ही वेळा तो तेच उत्तर घेऊन आला, आणि मग स्टालिनने मान्य केलं. पण त्याच चर्चेला हजर असलेल्या झुकोव्हने आपल्या आठवणींत लिहिलंय की हा वाद झाल्याची गोष्ट निराधार आहे. दोन मार्शल, दोन साक्षी. मजकूर वाचणाऱ्याला दुसऱ्या साक्षीचा पत्ताच लागत नाही.

मला विचाराल तर खोलीबाहेर पाठवण्याच्या नाट्यापेक्षा जमीन बघावी. बोब्रुइस्कच्या दक्षिणेला सगळा दलदलीचा मुलूख. जर्मनांना वाटत होतं की इथून रणगाडे येणं शक्य नाही. बातोव्हच्या ६५व्या आर्मीने तिथे झाडं तोडून ओंडक्यांचे रस्ते अंथरले. सैनिकांनी वेलींचे-फांद्यांचे रुंद तळवे विणून पायाला बांधले, चिखलात रुतू नये म्हणून. मशीनगनी ओढायला फळ्यांच्या घसरगाड्या केल्या. २४ जूनला हल्ला सुरू झाला, २९ला बोब्रुइस्क पडलं, त्याच दिवशी रोकोसोव्स्की मार्शल झाला.

आणि ‘एकटाच’ हेही खरं नाही. तोंडावर विरोध करणारे झुकोव्हसकट आणखी होते. काहींचं निभावलं, काहींचं नाही.

‘अन्यायाबद्दल ब्र काढला नाही.’

हा मुद्दा मुद्दाम शेवटी ठेवला. त्याच्या आठवणींच्या पुस्तकात अटकेचा उल्लेख खरोखरच नाही. सोव्हिएत पुस्तकं आपल्याकडे स्वस्तात मिळत त्या काळात ते इंग्रजीतून घेतलेलं माझ्याकडे आहे. गोष्ट सुरू होते साधारण अशी: १९४०च्या वसंतात मी घरच्यांबरोबर सोचीला जाऊन आलो, मग तिमोशेंकोने बोलावलं. बस. त्याआधीचा माणूस हवेतून अवतरल्यासारखा. ज्याला इतिहास माहीत नाही त्याला वाटेल, सुट्टी घेतली होती.

पण याला क्षमाशीलता म्हणायचं? पुस्तक निघालं १९६८ला, ब्रेझनेव्हच्या काळात, रोकोसोव्स्कीच्या मृत्यूच्या वर्षी. सेन्सॉरने गाळलेली पानं छापायला १९९०चं दशक उजाडावं लागलं. घरच्यांनी पुढे सांगितलेली आठवण तर वेगळंच बोलते: सुटल्यानंतर तो कायम पिस्तूल जवळ ठेवत असे. पुन्हा न्यायला आले तर जिवंत हाती लागायचं नाही म्हणून.

आणि तक्रार? केली की! नोव्हेंबर १९४४मध्ये तो पहिल्या बेलारूशियन आघाडीचा प्रमुख होता, समोर वॉर्सा आणि पलीकडे बर्लिनचा सरळ रस्ता. स्टालिनने फोन करून सांगितलं की तुम्ही आता दुसऱ्या बेलारूशियनवर जा, तुमच्या जागी झुकोव्ह येतोय. रोकोसोव्स्कीने फोनवरच विचारलं: माझ्यावर ही खप्पामर्जी का, मुख्य दिशेवरून दुय्यम जागी का धाडता? स्टालिनने समजूत घातली की ही आघाडीही तितकीच महत्त्वाची, बर्लिन तिघे मिळून घेणार. झुकोव्ह बर्लिनला गेला आणि रोकोसोव्स्की बाल्टिककडे. २४ जून १९४५ला मॉस्कोत पावसात विजयसंचलन झालं, त्यात सैन्य मांडून उभा रोकोसोव्स्की आणि सलामी घेणारा झुकोव्ह.

त्याच महिन्यात त्याला दुसऱ्यांदा ‘सोव्हिएत संघाचा वीर’ हा किताब मिळाला. दोनदा किताब मिळाला की जन्मगावी ब्राँझचा अर्धपुतळा बसवायचा असा नियम होता. त्याच्या जुन्या कागदांत जन्मस्थान होतं वॉर्सा. मग नवीन कागदांत ते झालं वेलिकिये लुकी, रशियातलं. पुतळा तिथे बसला.